‘३.२ पट’ म्हणजे कोणाच्या ३.२ पट?

वाचकाचे पत्र : माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. दीड वर्षापूर्वी त्यांना हार्ट फेल्युअर असल्याचे निदान झाले, तेव्हा त्यांचे इजेक्शन फ्रॅक्शन (हृदयाचा डावा कप्पा प्रत्येक ठोक्याला आपल्यातले किती टक्के रक्त बाहेर ढकलतो ते प्रमाण) ३० टक्के होते. गेल्या महिन्यातल्या इकोमध्ये ते ३८ टक्के आले. सहा महिन्यांपूर्वी त्यांना सॅक्युबिट्रिल-वलसार्टन हे हार्ट फेल्युअरचे औषध सुरू केले. त्याच्या आधी रक्तातले बीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारा घटक) ३१० होते. आता दुसऱ्या लॅबमध्ये तपासलेले एनटी-प्रोबीएनपी १४५० आले आहे. त्याच वेळी लॅबने सुचवले म्हणून ‘मायक्रोआरएनए हृदय पॅनेल’ही करून घेतले. त्यात ‘मायआर-४२३-५पी : ३.२ पट वाढ’ असे लाल अक्षरांत छापून आले आहे. ते पाहून वडील इतके घाबरले की गेले तीन दिवस त्यांनी लघवीची गोळी स्वतःच दुप्पट घेतली, आणि आता उठून उभे राहताना चक्कर येते असे म्हणतात. एरवी त्यांची तब्येत बरी वाटते. पूर्वी एक मजला चढताना ते मध्ये थांबायचे, आता थांबावे लागत नाही. ही नवी चाचणी जुन्या चाचणीपेक्षा अधिक अचूक असते का? औषधे बदलावी लागतील का? आणि आरएनए जनुकांशी संबंधित असल्यामुळे मी आणि माझ्या भावानेही ही चाचणी करून घ्यावी का?

उत्तर : तुमच्या प्रश्नांकडे वळण्याआधी लघवीच्या गोळीचे पाहू, कारण थांबू न शकणारी गोष्ट तेवढीच आहे. वडिलांनी आजच पूर्वीच्या ठरलेल्या मात्रेवर परत जावे की एखादा डोस वगळावा, हे त्यांच्या डॉक्टरांना फोन करून आजच विचारा. त्यांचा रक्तदाब बसून आणि उभे राहून असा दोनदा मोजा, आणि क्रिएटिनिन, सोडियम व पोटॅशियम तपासून घ्या. अंगावर सूज नसताना आणि वजन वाढलेले नसताना लघवीची गोळी वाढवली, तर शरीरातले नको असलेले पाणी नव्हे, हवे असलेले पाणी बाहेर जाते. त्याने रक्तदाब उतरतो, मूत्रपिंडांना होणारा रक्तपुरवठा घटतो, आणि सॅक्युबिट्रिल-वलसार्टन घेणाऱ्या माणसाला तर उभे राहताना चक्कर यायला एवढे कारण पुरेसे असते. हा सगळा त्रास लाल अक्षरांच्या धसक्यातून झाला आहे, म्हणून आता त्या अक्षरांचाच हिशेब मांडू.

मायक्रोआरएनए (अहवालातले ‘मायआर’ हे त्याचेच छोटे रूप) हा जेमतेम २२ अक्षरांचा आरएनएचा तुकडा असतो. जनुकातला मजकूर उतरवून घेतलेला संदेशवाहक आरएनए प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेकडे जातो. मायक्रोआरएनए त्याला वाटेत चिकटतो आणि तो संदेश दाबतो किंवा नष्ट करवतो. कोणते प्रथिन किती बनावे, यावर पेशी अशा प्रकारे आवर घालते. विक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांनी १९९३ मध्ये एक मिलिमीटर लांबीच्या एका सूत्रकृमीत हे प्रथम दाखवले आणि २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यासाठी त्यांना मिळाले. तेव्हा तुमच्या अहवालातला शब्द कोणी जाहिरातीसाठी घडवलेला नाही. त्यामागचे विज्ञान अस्सल आहे, आणि हृदयाच्या स्नायूची जाडी, त्यातला व्रणासारखा तंतुमय भाग, रक्तवाहिन्यांची वाढ, या सगळ्यांत मायक्रोआरएनएचा हात आहे हेही पुरेसे सिद्ध झालेले आहे.

रक्तात आरएनए मोजता येईल असे मात्र फार काळ कोणाला वाटत नव्हते, कारण रक्तात आरएनए कापणारी विकरे मुबलक असतात आणि उघडा आरएनए त्यांच्यापुढे फार वेळ टिकत नाही. २००८ च्या सुमारास काही संशोधकांनी दाखवले की मायक्रोआरएनए रक्तद्रवातही शाबूत राहतात. काही सूक्ष्म पिशव्यांमध्ये बंद असतात, तर बरेचसे एका संरक्षक प्रथिनाला बिलगून फिरतात. त्याच काळात कर्करोगापासून हृदयविकारापर्यंत प्रत्येक आजाराची ‘मायक्रोआरएनए सही’ शोधण्याची अक्षरशः झुंबड उडाली, आणि तुमच्या अहवालातला ४२३-५पी हा त्याच झुंबडीत पुढे आलेला एक उमेदवार आहे.

त्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. २०१० मध्ये ॲम्स्टरडॅमच्या एका संशोधक गटाने आधी १२ हार्ट फेल्युअरचे रुग्ण आणि १२ निरोगी माणसे यांच्या रक्तातले शेकडो मायक्रोआरएनए एकदम चाचपून पाहिले, त्यातले १६ निवडले, आणि नंतर ते ३९ निरोगी व्यक्ती व धाप लागते म्हणून आलेल्या ५० जणांमध्ये मोजले. या ५० पैकी ३० जणांना हार्ट फेल्युअर होते, २० जणांच्या धापेचे कारण वेगळे होते. ४२३-५पी हार्ट फेल्युअरच्या रुग्णांत सर्वांत ठळकपणे वाढलेला निघाला, आणि निरोगी व आजारी यांना वेगळे ओळखण्याची त्याची क्षमता कागदावर उत्तम दिसली. त्यानंतर २०१३ मध्ये, जन्मजात दोषामुळे ज्यांचा उजवा कप्पा सगळ्या शरीराला रक्त पुरवतो अशा प्रौढांमध्ये, हृदयाचे काम कसे चालले आहे हे सांगण्यात तोच रेणू अपयशी ठरला. आणि २०१६ मध्ये नेदरलँड्समधल्याच ग्रोनिंगेनच्या संशोधकांनी तीव्र हार्ट फेल्युअर होऊन रुग्णालयात दाखल झालेल्यांचे रक्त तपासले, तेव्हा ज्या सात मायक्रोआरएनएंचे प्रमाण कमी झालेले आढळले, त्यांत ४२३-५पी होता. एका अभ्यासात आजाराची खूण म्हणजे वाढ, दुसऱ्यात घट. रुग्ण वेगळे होते, आजाराची अवस्था वेगळी होती, मोजण्याची पद्धतही तंतोतंत तीच नव्हती, त्यामुळे यात कोणाची लबाडी शोधण्याचे कारण नाही. पण ज्या रेणूची दिशाच अजून एकमताने ठरलेली नाही, तो एका माणसाच्या अहवालात लाल अक्षरांत छापणे मला घाईचे वाटते.

शिवाय हा रेणू हृदयाची खासियत नाही. शरीरातल्या बहुतेक ऊतींमध्ये तो बनतो, त्यामुळे वाढलेला भाग कोणत्या अवयवातून आला हे रक्ताच्या थेंबाला विचारून कळत नाही. केवळ हृदयाच्या स्नायूत बनणारा २०८-ए नावाचा मायक्रोआरएनए आहे, पण हृदयविकाराचा झटका येऊन स्नायू मेलेला नसेल तर तो रक्तात जवळजवळ सापडतच नाही. म्हणजे जो हृदयाचा आहे तो दिसत नाही, आणि जो दिसतो तो हृदयाचाच असेल असे नाही.

आता ‘३.२ पट’ या आकड्याकडे जवळून पाहू. अहवालावर मिलिग्रॅम, पिकोग्रॅम असे कोणतेही एकक नाही, फक्त ‘पट’ आहे, हे तुमच्या लक्षात आले असेल. पट म्हटले की कोणाच्या तरी पट असावे लागते. मायक्रोआरएनए मोजण्याच्या नेहमीच्या पद्धतीत त्याची प्रत पुन्हा पुन्हा दुप्पट करत नेतात आणि किती फेऱ्यांनंतर संकेत दिसू लागला ते नोंदवतात; प्रत्येक फेरीला दुप्पट या हिशेबाने ३.२ पट म्हणजे पावणेदोन फेऱ्यांपेक्षाही कमी फरक. या फेऱ्यांची तुलना एका संदर्भ रेणूशी करायची असते, आणि रक्तद्रवासाठी असा संदर्भ कोणता घ्यावा यावर प्रयोगशाळांमध्ये एकमत नाही. काही जण नमुन्यात सूत्रकृमीचा कृत्रिमरीत्या बनवलेला मायक्रोआरएनए ठरावीक प्रमाणात मिसळतात आणि त्याच्याशी तुलना करतात. (ज्या किड्यात हा रेणू पहिल्यांदा सापडला, त्याचाच तुकडा आता माणसाच्या रक्तात मापाच्या वजनासारखा घालतात, याची मला गंमत वाटते.) काही जण माणसाचाच दुसरा एखादा मायक्रोआरएनए संदर्भ म्हणून घेतात, आणि त्यासाठी मायआर-१६ पुष्कळदा वापरला गेला आहे.

नेमकी इथे एक खोच आहे. मायआर-१६ तांबड्या पेशींमध्ये ठासून भरलेला असतो. रक्त घेताना सुई बारीक असली, पिचकारी जोरात ओढली, किंवा ट्यूब नीट सांभाळली गेली नाही, तर काही तांबड्या पेशी फुटतात. अपकेंद्रणयंत्रातून काढलेली ट्यूब उजेडापुढे धरली की एरवी फिकट पिवळसर दिसणारा वरचा द्रव अशा वेळी गुलाबी दिसतो, आणि हा रंग डोळ्याला कळण्याइतका गडद होण्याआधीच मायक्रोआरएनएचे आकडे हललेले असतात. पेशी फुटल्या की मायआर-१६ वाढतो, आणि संदर्भ म्हणून तोच धरलेला असेल तर बाकीच्या सगळ्यांचे प्रमाण त्याच्या तुलनेत बदलते. मोजपट्टीच ताणली गेल्यासारखे ते आहे. कापडाची लांबी तेवढीच असते, पण आकडा वेगळा येतो.

एवढ्यावर भागत नाही. रक्तातल्या मायक्रोआरएनएंचा मोठा वाटा प्लेटलेट्समधून येतो, त्यामुळे रक्तद्रव एकदाच फिरवला की दोनदा, नमुना किती वेळाने फिरवला, यावर निकाल बदलतो. ॲस्पिरिनसारखी प्लेटलेट्सना आवर घालणारी औषधे काही मायक्रोआरएनएंचे प्रमाण उतरवतात, आणि हृदयरुग्णांपैकी अनेकांना ही औषधे चालू असतात. रक्त गोठू न देणारे हेपरिन ही तर मोठीच अडचण आहे, कारण प्रती बनवणाऱ्या विकराच्या कामात ते अडथळा आणते. रुग्णाला हेपरिनचे इंजेक्शन दिलेले असेल किंवा रक्त हेपरिनच्या हिरव्या टोपणाच्या ट्यूबमध्ये घेतले असेल, तर निकालावर विश्वास ठेवता येत नाही. नुकत्याच केलेल्या कठोर व्यायामानेही काही आकडे वर जातात. तुमच्या अहवालावर यातले काहीच लिहिलेले नाही: नमुना कोणत्या ट्यूबमध्ये घेतला, किती वेळात फिरवला, संदर्भ कोणता होता, तुलना कोणत्या वयाच्या किती निरोगी माणसांशी केली. हे चार प्रश्न लॅबला लेखी विचारा. समाधानकारक उत्तर मिळाले तरी उपचार बदलण्याचे कारण मिळणार नाही, पण उत्तर न मिळाल्यास ३.२ हा आकडा बाजूला ठेवण्याचे कारण नक्कीच मिळेल.

याच्या तुलनेत बीएनपीचा प्रवास पाहा. १९८८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी ते डुकराच्या मेंदूतून वेगळे केले, म्हणून त्याच्या नावातला ‘बी’ म्हणजे ब्रेन, मेंदू. प्रत्यक्षात ते मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांत, भिंतीवर ताण आला की बनते. म्हणजे त्याला एक अर्थ आहे: ताण वाढला, आकडा वाढला. ते थेट वजनात मोजले जाते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, धाप लागून तातडीच्या विभागात आलेल्या १,५८६ रुग्णांवर त्याची कसोटी घेतली गेली आणि १०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर ही सीमा पारखून घेतली गेली. १,५८६ आणि ५० या दोन आकड्यांतले अंतर लक्षात घेतले, तर एक चाचणी रोजच्या वापरात आणि दुसरी अजून संशोधनात का आहे, याचे बरेचसे उत्तर मिळते. २०२१ ची युरोपीय आणि २०२२ ची अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वे हार्ट फेल्युअरच्या निदानासाठी बीएनपी किंवा एनटी-प्रोबीएनपी तपासायला सांगतात. मायक्रोआरएनए तपासा असे त्यांपैकी एकही सांगत नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर यात आले.

बीएनपीलाही दोष आहेत आणि ते लपवण्याचे कारण नाही. वय, मूत्रपिंडाचा आजार आणि हृदयाची अनियमित लय यांनी ते वाढते, स्थूल माणसांत ते फसवे कमी येते. याच उणिवांमुळे मायक्रोआरएनएची जोड देऊन पाहण्याचे प्रयत्न चालू आहेत, आणि ते मला रास्त वाटतात. २०१९ मध्ये सिंगापूर व न्यूझीलंडच्या रुग्णांवर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठ मायक्रोआरएनएंचा गट एनटी-प्रोबीएनपीबरोबर वापरल्यावर निदान अधिक नेमके झाले, आणि पंपिंग घटलेले व पंपिंग टिकून असलेले हार्ट फेल्युअर वेगळे ओळखायलाही मदत झाली. पुढे कधी अशी चाचणी रुग्णांपर्यंत आलीच, तर ती एकट्या रेणूच्या रूपाने न येता अशा गटाच्या रूपाने आणि जुन्या चाचणीच्या जोडीने येईल, असा माझा अंदाज आहे. उपचाराच्या बाजूनेही हालचाल आहे: मायआर-१३२ ला बांधून ठेवणाऱ्या एका औषधाची पहिली मानवी चाचणी २८ हृदयरुग्णांवर झाली आणि पुढचे टप्पे हाती घेतले गेले. पण हे सगळे संशोधनाच्या दालनातले आहे, तुमच्या वडिलांच्या औषधांच्या डब्यातले नाही.

आता तुम्ही ओझरता उल्लेख केलेली, पण माझ्या मते अधिक महत्त्वाची गोष्ट. ३१० वरून १४५० झाले, म्हणजे आजार जवळजवळ पाचपट बळावला, असा अर्थ घरात लावला गेला असणार. या दोन वेगवेगळ्या चाचण्या आहेत. हृदयात प्रथम १०८ अमिनो आम्लांची एक साखळी बनते आणि ती तुटून दोन तुकडे होतात: ३२ चे बीएनपी आणि ७६ चे एनटी-प्रोबीएनपी. पहिले रक्तातून काही मिनिटांत निम्मे होते, दुसरे बराच अधिक वेळ रेंगाळते, म्हणून त्याच माणसाचा, त्याच क्षणी, दुसरा आकडा पहिल्याच्या कितीतरी पट येतो. दोन्हींच्या सीमाही त्यामुळे वेगळ्या आहेत: स्थिर रुग्णात शंका घेण्यासाठी बीएनपी ३५, तर एनटी-प्रोबीएनपी १२५. या दोन आकड्यांची वजाबाकी करायची नसते.

तरीही दुसऱ्या लॅबने एनटी-प्रोबीएनपी मोजले ते, योगायोगाने असो वा समजून, योग्यच झाले. सॅक्युबिट्रिल हे नेप्रिलायसिन नावाच्या विकराला अडवते, आणि बीएनपीचा नाश करणाऱ्या विकरांपैकी ते एक आहे. म्हणून हे औषध सुरू झाल्यावर हृदय सुधारत असतानाही बीएनपी थोडे चढलेले दिसू शकते. एनटी-प्रोबीएनपीला ते विकर हात लावत नाही, त्यामुळे या औषधावर असलेल्या रुग्णात पाठपुराव्यासाठी तेच मोजावे. १४५० ही तुमची पहिली नोंद समजा. पुढची चाचणी डॉक्टर सांगतील तेव्हा, शक्यतो त्याच लॅबमध्ये करा, आणि ३० टक्क्यांच्या आतला चढउतार बातमी मानू नका, कारण तेवढा फरक काहीही न घडता रोजच्या रोज पडू शकतो. या वेळी क्रिएटिनिन तपासणार असालच. ते वाढलेले निघाले, तर १४५० चा काही वाटा मूत्रपिंडाच्या खात्यात जाईल.

औषधे बदलावीत का, हा तुमचा दुसरा प्रश्न. पत्रातली दोन वाक्ये मी पुन्हा वाचली. इजेक्शन फ्रॅक्शन ३० चे ३८ झाले आहे, आणि मजला चढताना मध्ये थांबणारा माणूस आता थांबत नाही. औषध लागू पडते आहे याची याहून चांगली खूण कोणत्याही ट्यूबमधून निघणार नाही. सॅक्युबिट्रिल-वलसार्टनने मृत्यू आणि रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण कमी होते, हे आठ हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत २०१४ मध्ये दिसून आले आहे; मायआर-४२३-५पीचा आकडा पाहून उपचार बदलल्याने कोणाचे भले झाले, असे दाखवणारी एकही चाचणी झालेली नाही. म्हणून त्या आकड्यावरून एकही गोळी वाढवू नका, एकही कमी करू नका. डॉक्टरांना विचारायचेच असेल, तर हे विचारा: सॅक्युबिट्रिल-वलसार्टन, बीटा-ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही चारही औषधे वडिलांना चालू आहेत का, आणि त्यांच्या मात्रा वाढवायला अजून वाव आहे का. हा प्रश्न कोणत्याही नव्या पॅनेलपेक्षा त्यांच्या अधिक उपयोगाचा आहे.

वडिलांच्या हाताला काहीतरी काम हवे आहे असे दिसते. नाहीतर त्यांनी गोळी दुप्पट केली नसती. घाबरलेल्या माणसाला ‘काही करू नका’ असे सांगून भागत नाही. त्यांना रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर आणि काही खाण्यापूर्वी, त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहायला सांगा. तीन दिवसांत वजन दोन किलोंहून अधिक वाढले, पायावर सूज आली किंवा रात्री धाप लागून उशी वाढवावी लागली, तर डॉक्टरांना कळवायचे. आणि लघवीची गोळी स्वतः कमीजास्त करण्याची मुभा हवी असेल, तर किती वजनाला किती गोळी हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यायचे. अनेक डॉक्टर अशी मुभा आनंदाने देतात, पण ती वहीतल्या वजनावर, अहवालातल्या रंगावर नव्हे.

राहिला तुमचा आणि भावाचा प्रश्न. नावात आरएनए असले तरी ही जनुकीय चाचणी नाही. जनुकीय चाचणी जन्मापासून न बदलणारा मजकूर वाचते. रक्तातले मायक्रोआरएनए मात्र आज पेशी काय करत आहेत त्यानुसार दिवसागणिक, अगदी तासागणिकही बदलतात, आणि वडिलांकडून तुमच्याकडे काय आले आहे हे त्यांवरून कळत नाही. तुमच्यासाठी ही चाचणी म्हणजे हात दाखवून अवलक्षण ठरेल. पण प्रश्नामागची काळजी चुकीची नाही. वडिलांचे हृदय कशामुळे कमजोर झाले, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा. जुना झटका किंवा वर्षानुवर्षांचा रक्तदाब हे कारण असेल, तर तुम्ही दोघांनी रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासणे एवढे पुरते. रक्तवाहिन्या मोकळ्या असूनही हृदय पसरले असेल, म्हणजे डायलेटेड कार्डिओमायोपॅथी असेल, तर सख्ख्या नातेवाइकांनी त्रास नसतानाही ईसीजी व इको करून घ्यायचा असतो, आणि कुटुंबात तरुण वयात अचानक झालेला मृत्यू किंवा आणखी कोणाचे कमजोर हृदय असा इतिहास असल्यास वडिलांची खरीखुरी जनुकीय चाचणी करण्याबद्दलही डॉक्टर बोलतील. वडिलांची जुनी अँजिओग्राफी झाली असेल, तर तिची फाईल शोधून ठेवा. तुम्हा भावंडांच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा त्याच फाईलमध्ये असेल.